पाहुणी गाडी: कोकण रेल्वेच्या लेआउटवर दुसऱ्या रेल्वेंच्या गाड्या कशा चालवाव्यात

आमच्या घरी माळ्याखालच्या खोलीत कणकवली स्टेशन आहे. दोन फलाट, तीन रूळ, मागे जांभ्याची दरड आणि टोकाला एक छोटा बोगदा. हा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा, नुकता उभा राहिला होता तेव्हा ओळखीतले एक निवृत्त गार्ड तो बघायला आले. मी कौतुकाने माझी सगळ्यात देखणी गाडी सोडली: गोवा एक्स्प्रेस, वास्को ते निजामुद्दीन. पाट्या मी हाताने रंगवल्या होत्या. काकांनी गाडी पूर्ण जाऊ दिली आणि शांतपणे विचारलं, "ही इकडे कुठल्या रस्त्याने आली रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोवा एक्स्प्रेस मडगावला येते हे खरं, पण तिथून ती कुळे, कॅसल रॉक, लोंढा, बेळगाव, मिरज अशी घाट चढून पुण्याकडे जाते. कणकवली तिच्या वाटेवरच नाही. गोव्याची गाडी म्हणजे कोकणातून जाणारच, असं मी गृहीत धरलं होतं.

काकांचा तो प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक गाडीला विचारतो. हा छंद नव्याने सुरू करणाऱ्यांनाही माझं पहिलं सांगणं तेच. दुसऱ्या रेल्वेची गाडी तुमच्या रुळांवर जरूर आणा, त्याशिवाय लेआउटला जिवंतपणा येत नाही. पण ती कुठून निघाली, कुठल्या रस्त्याने आली, कुठे जाणार आणि हे सगळं कोणत्या वर्षी, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

उदाहरण म्हणून मी कोकण रेल्वेच घेतो, कारण पाहुण्या गाड्यांसाठी तिच्यासारखी दुसरी जागा नाही. रोहा ते ठोकूर हा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाचा. १९९० साली स्थापन झालेली ही वेगळी कंपनी, केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या चार राज्यांच्या भागीदारीतली. मार्ग तिचा, स्टेशनं तिची, पण त्यावरून धावणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या शेजाऱ्यांच्या. म्हणजे घर आपलं आणि वर्दळ पाहुण्यांची.

आधी तारीख ठरवा

नवखा माणूस आधी इंजिन विकत घेतो आणि वर्ष नंतर शोधतो. मीही तेच केलं होतं. पण आधी वर्ष ठरवलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि महिना ठरवला तर आणखी बरे. माझा लेआउट सप्टेंबर २००८ चा आहे. गणेश चतुर्थी ३ सप्टेंबरला होती, म्हणजे पावसाळी वेळापत्रक चालू, डोंगर हिरवेगार आणि गाड्या माणसांनी भरलेल्या.

कोकण रेल्वेसाठी वर्षाची चौकट अशी लावा. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग वाहतूक जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीची दिल्ली-केरळ गाडी इथे दाखवता येत नाही. मुंबईचं व्हीटी १९९६ सालीच सीएसटी झालं होतं, तेव्हा कोकणच्या गाडीवर 'मुंबई व्हीटी' अशी पाटी लावू नका. 'सीएसएमटी' हे नाव २०१७ नंतरचं. गाडी क्रमांक २० डिसेंबर २०१० पर्यंत चार आकडी होते, त्या दिवसापासून पाच आकडी झाले: कोकणकन्या ०१११ ची १०१११ झाली, मांडवी ०१०३ ची १०१०३. विजेची तार संपूर्ण मार्गावर २०२२ साली आली. त्याआधीच्या लेआउटवर प्रवासी गाडीला विजेचं इंजिन जोडलं की सगळा देखावा कोसळतो, मग मॉडेल कितीही महागाचं असो.

दक्षिण पश्चिम रेल्वे १ एप्रिल २००३ पासूनची. त्याआधी हुबळी आणि वास्कोचा पट्टा दक्षिण मध्य रेल्वेत होता. त्यामुळे २००१ सालच्या मडगाव स्टेशनात 'दक्षिण पश्चिम' लिहिलेला डबा उभा करता येत नाही. फोटोवरून डबे रंगवताना ही चूक हमखास होते, कारण आंतरजालावरचे बरेचसे फोटो नंतरचे असतात.

मग रस्ता शोधा

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध तुमचं स्टेशन लिहा. तिथून प्रत्येक दिशेला रेघ ओढा आणि आपली हद्द कुठे संपते तिथे शेजाऱ्याचं नाव घाला. कणकवलीहून उत्तरेला रोहा, त्यापलीकडे मध्य रेल्वे. पनवेलच्या पुढे दिवा-वसई रोड मार्गाने पश्चिम रेल्वेच्या गाड्या इकडे उतरतात. दक्षिणेला ठोकूर, पुढे दक्षिण रेल्वे. आणि मधे मडगावला दक्षिण पश्चिम रेल्वे येऊन मिळते.

हा कागद भिंतीवर लावून ठेवा. नवी गाडी आणायची इच्छा झाली की बोट ठेवून तिचा रस्ता काढा. बोट मधे उचलावं लागलं तर ती गाडी तुमची नाही.

आता २००८ च्या कणकवलीत कोण कोण येतं ते बघू. कोकणकन्या आणि मांडवी, दोन्ही मध्य रेल्वेच्या. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर. दादर-मडगाव जनशताब्दी. केरळची नेत्रावती (६३४५/६३४६) आणि दिल्लीपर्यंत जाणारी मंगला लक्षद्वीप (२६१७/२६१८), या दोन्ही दक्षिण रेल्वेच्या. निजामुद्दीनहून तिरुवनंतपुरमला जाणारी राजधानी (२४३१/२४३२) उत्तर रेल्वेची. ती बडोदा, वसई रोड, पनवेल असा वळसा घेऊन येते. एकाच छोट्या स्टेशनात तीन-चार रेल्वेंचे डबे, आणि एकही ओढूनताणून आणलेला नाही. कुठली गाडी थांबते आणि कुठली न थांबता जाते हे मात्र त्या वर्षाच्या छापील वेळापत्रकात बघा. जुनी वेळापत्रकं रद्दीच्या दुकानात आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात अजून मिळतात, आणि माझ्या मते ती या छंदातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं साहित्य आहे.

सुरुवातीला दोनच रेक, म्हणजे डब्यांचे जोडलेले पूर्ण संच, करा. पहिला कोकणकन्येचा. कारण सोपं आहे: कोकणकन्या आणि मांडवी एकाच रेकवर चालत. रात्री मांडवी मुंबईला पोचली की तोच रेक अकराच्या सुमारास कोकणकन्या म्हणून निघे, आणि पहाटे आलेली कोकणकन्या सकाळी सातच्या सुमारास मांडवी होऊन परत फिरे. म्हणजे तुम्ही डब्यांचा एकच संच रंगवलात, पाट्या बदलता येतील अशा केल्यात, की दोन गाड्या झाल्या. शिवाय मांडवीच्या पँट्रीतल्या खाण्याचं नाव कोकणात प्रत्येकाच्या तोंडी असतं, त्यामुळे लेआउट बघायला आलेला माणूस त्या डब्यापाशी बोलता होतोच. दुसरा रेक पाहुण्याचा, केरळचा. नेत्रावती किंवा मंगला, आवडेल ती.

डबा जवळून बघा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरेपणा इथेच ठरतो.

त्या काळच्या निळ्या आयसीएफ (जुन्या बनावटीच्या) डब्याच्या अंगावर तीन गोष्टी वाचता येतात. पहिली, मालक रेल्वेची अक्षरं: मध्यसाठी 'म.रे.', दक्षिणसाठी 'द.रे.', पश्चिमसाठी 'प.रे.', उत्तरसाठी 'उ.रे.', आणि शेजारी त्यांची इंग्रजी जोडी. दुसरी, डब्याचा प्रकार सांगणारी अक्षरं. तिसरी, पाच आकडी क्रमांक. पहिले दोन आकडे डबा कोणत्या साली बनला ते सांगतात, पुढचे तीन प्रकार आणि अनुक्रम. २०१ ते ४०० म्हणजे स्लीपर, ४०१ ते ६०० साधा दुसरा वर्ग, ७०१ ते ८०० गार्डची आणि सामानाची जागा असलेला डबा, १०१ ते १५० वातानुकूलित थ्री टियर.

तेव्हा ०३२४५ हा २००३ साली बनलेला स्लीपर. माझ्या २००८ च्या लेआउटवर तो चालेल. ९६४१२ हा १९९६ चा साधा डबा, तोही चालेल. पण १२२३० लिहिलेला डबा चालणार नाही, तो अजून जन्मालाच आलेला नाही. तयार मॉडेल विकत घेताना मी भिंग घेऊन आधी हा क्रमांक वाचतो, रंग नंतर बघतो. क्रमांक चुकीचा असेल तर बारीक ब्रश आणि थोडं थिनर घेऊन तेवढाच पुसावा आणि नवीन डेकल, म्हणजे चिकटवायचा छापील आकडा, लावावं. एका डब्याला अर्धा तास पुरतो.

एका रेकमध्ये सगळे डबे एकाच साली बनलेले नसतात. सगळ्यांवर ०३ लिहिलंत तर गाडी खेळण्यातली वाटते. ९५, ९८, ०१, ०४ असं मिसळा. रेल्वेची अक्षरं मात्र शक्यतो एकच ठेवा, कारण प्रवासी डबे आपापल्या रेकमध्ये फिरतात आणि आपल्याच डेपोत देखभालीला परततात. वीस-बावीस डब्यांत एखादा परका डबा आला तर ते स्वाभाविक आहे. सात डब्यांच्या मॉडेलमध्ये एकापेक्षा जास्त नको.

सातच डबे का, तर जागेचा हिशेब. आयसीएफ डबा बफरसह साधारण २२.३ मीटर लांब असतो. १:८७ प्रमाणात तो २५६ मिलिमीटर होतो. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते, ती कुणाच्याही खोलीत मावत नाही. सात डबे म्हणजे १.८ मीटर आणि पुढे वीस सेंटिमीटरचं इंजिन. म्हणजे लूप लाइन, गाडी बाजूला घेऊन थांबवायचा रूळ, निदान सव्वादोन मीटर हवी. सातात गाडीची ओळख टिकवायची तर दोन टोकांना गार्ड-सामानाचे डबे, एक साधा, दोन स्लीपर, एक पँट्री, एक थ्री टियर. पँट्री वगळून तिसरा स्लीपर घालायचा मोह होतो, पण लांब पल्ल्याची गाडी बघताक्षणी ओळखू येते ती पँट्रीमुळे.

रुळांबद्दल एक स्पष्ट बोलतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ ला तो १९ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त भरतो आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. गाडी थोडी अरुंद पायांवर उभी दिसते. नवख्याने हे मान्य करून पुढे जावं. रूळ स्वतः बनवण्याच्या नादात दोन वर्षं जातात आणि तेवढ्यात हौस विझते.

शेवटच्या डब्यावर मोठा 'एक्स' आणि एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) छोटी पाटी विसरू नका. गार्डकाकांनी दुसऱ्या भेटीत गाडीचं शेपूट आधी बघितलं होतं.

इंजिन

२००८ सालची गाडी म्हणजे डिझेल. त्या काळात प्रत्येक डिझेल शेडची, म्हणजे इंजिनं जिथे ठेवतात आणि दुरुस्त करतात त्या जागेची, स्वतःची रंगसंगती असे आणि इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव लिहिलेलं असे. मध्य रेल्वेच्या गाडीला कल्याण किंवा पुणे शेड, दक्षिणेच्या गाडीला एर्नाकुलम किंवा इरोड असा विचार केलात की सहसा चुकत नाही. तरीही ज्या गाडीचं मॉडेल करताय तिचा त्याच वर्षाचा एक तरी फोटो शोधा. फोटोखालच्या मजकुरावर विसंबू नका. डब्याचा क्रमांक आणि गाडी क्रमांक चार आकडी आहे की पाच आकडी ते बघून तारीख स्वतः पडताळा.

खिशाला परवडत नसेल तर एकच डब्ल्यूडीएम-३ए जातीचं डिझेल इंजिन घ्या आणि ते कल्याणचं करा. ते मांडवी ओढेल, पॅसेंजर ओढेल आणि मालगाडीही.

मालगाडीला मोकळीक आहे

डब्यांना लावलेली सगळी कडक शिस्त वॅगनला लागू नाही. वॅगन साऱ्या देशात फिरतात. पूर्व रेल्वेची अक्षरं असलेली उघडी बॉक्सएन वॅगन कणकवलीच्या लूपवर उभी असेल तर कुणी हरकत घेऊ नये. उलट मालगाडीत चार-पाच रेल्वेंची अक्षरं मिसळलेली नसतील तरच ती खोटी वाटते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला दूरच्या रेल्वेंची हौस भागवायची असेल तर ती आधी वॅगनवर भागवावी. वॅगनचा क्रमांक अकरा आकडी असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बनवल्याच्या वर्षाचे. वर्षाचा नियम इथेही तोच.

आणि मालगाडी म्हटली की कोकणाची स्वतःची रो-रो हवीच. मालाने भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेणारी ही गाडी जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी सुरू झाली, पुढे सुरतकलपर्यंत गेली. बनवायला ही सगळ्यात आनंदाची गाडी. सपाट वॅगन घ्या, त्यावर ट्रक ठेवा, चाकांखाली लाकडी ठोकळे लावा. ट्रकच्या पाट्या एमएच, जीए, केए, केएल अशा मिसळा. ताडपत्री दोरीने आवळलेली दाखवा. चालक आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसून जातात, तेव्हा काचेमागे दोन चेहरे हवेत, आणि एका तरी ट्रकच्या आरशाला वाळत घातलेला पंचा. मी तो पंचा चहाच्या पुडीच्या कागदाचा केला आहे. लेआउट बघणारी मुलं राजधानीपेक्षा त्या पंचाकडे जास्त वेळ बघतात.

जादा गाड्या आणि वळवलेल्या गाड्या

आता मनातलं बोलतो. प्रत्येकाची एक लाडकी गाडी असते जी त्याच्या स्टेशनात कधी येत नाही. तिला आणण्याचे प्रामाणिक रस्ते आहेत, फक्त ते जपून वापरावेत.

पहिला गणपतीचा. भाद्रपदात चाकरमानी गावी निघाला की मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा गाड्या सोडतात आणि हाताशी असतील ते डबे जोडून रेक उभे करतात. एरवी गुजरातेत फिरणारा 'प.रे.'चा डबा या दिवसांत कणकवलीत उभा असू शकतो. एकाच गाडीत नवे-जुने, वेगवेगळ्या डेपोंचे डबेही चालतात. ज्याच्याकडे सुटे, जोडी न जुळणारे डबे साठले आहेत त्याने ते टाकून देऊ नयेत, 'गणपती स्पेशल' करावी. त्या वर्षी कुठून कुठे जादा गाड्या सुटल्या ते जुन्या वर्तमानपत्रांत मिळतं. एक पथ्य पाळा: आयसीएफ आणि एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे एका रेकमध्ये मिसळू नका, त्यांचे कपलिंग वेगळे असतात. कोकणकन्या आणि मांडवीला एलएचबी डबे २०१९ मध्ये मिळाले, त्याआधी त्या निळ्याच दाखवा.

दुसरा रस्ता पर्यटनगाडीचा. महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची डेक्कन ओडिसी २००४ पासून धावू लागली आणि कोकण तिच्या वाटेवर होता. निळी, ऐटदार गाडी, वेळापत्रकाच्या चौकटीबाहेरची. वर्षातून मोजक्या फेऱ्या दाखवल्यात तर ती पाहुणी शोभते.

तिसरा वळवलेल्या गाडीचा. दरड कोसळली, मार्ग बंद पडला की गाड्या दुसऱ्या वाटेने नेतात. कोकण बंद असेल तेव्हा तिथल्या गाड्या पुणे, मिरज, लोंढ्याकडून मडगावला गेल्या आहेत. ज्यांचा लेआउट मिरजेचा किंवा बेळगावचा आहे त्यांना यातून केरळची गाडी मिळू शकते. पण हे वर्षातून एखाद्या वेळीच. दर रविवारी दरड कोसळायला लागली तर ते निमित्त झालं.

जुन्या कंपन्यांचा काळ आवडत असेल तर

काहींना डिझेल नको असतं, वाफेचं इंजिन आणि खऱ्या अर्थाने निरनिराळ्या कंपन्या हव्या असतात. त्यांना माझा सल्ला एकच: जंक्शन निवडा आणि तेही गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, बदलणारं. मनमाडला जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी) ब्रॉडगेज आणि निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज एकमेकांना भेटत. कुर्डुवाडीला जीआयपीच्या शेजारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गेजची गाडी, १८९७ पासूनची. अशा ठिकाणी परक्या कंपनीची गाडी तुमच्या रुळांवर येऊच शकत नाही, ती फलाटाच्या पलीकडच्या कडेला उभी राहते. त्यामुळे रस्त्याचा प्रश्नच उरत नाही, फक्त हमाल आणि मालाची चढउतार दाखवावी लागते.

इथेही तारीख जपा. मध्य आणि पश्चिम रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला जन्मल्या, दक्षिण रेल्वे त्याच वर्षी १४ एप्रिलला. पण अक्षरं एका रात्रीत पुसली जात नाहीत. १९५२ सालच्या मनमाडात एखादा डबा अजून निजामाच्या अक्षरांत दाखवलात तर मला ते अधिक खरं वाटेल.

चालवायचं कसं

गाड्या तयार झाल्या की त्या एकामागून एक गोल फिरवू नका. पाहुणी गाडी दृश्यात येते, काही काळ दिसते आणि निघून जाते. तिला जायला जागा हवी. माझ्याकडे बोगद्यामागे पडद्याआड चार रुळांचं यार्ड आहे. एका टोकाला 'रोहा आणि पुढे', दुसऱ्या टोकाला 'मडगाव आणि पुढे' असं पेन्सिलीने लिहिलं आहे. उत्तरेकडून आलेली मंगला दक्षिणेकडच्या टोकाला गेली की त्या दिवशी परत येत नाही. हा नियम पाळला की गाडी खरोखर केरळला गेल्यासारखं वाटतं.

प्रत्येक गाडीची एक पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी करा: क्रमांक, मालक रेल्वे, कुठून कुठे, कुठल्या रस्त्याने, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, इंजिनाची शेड. रस्त्याची ओळ रिकामी असेल तर गाडी कपाटातच राहते. माझी गोवा एक्स्प्रेस तिथेच आहे, पुढेमागे मडगावचा लेआउट झाला की बाहेर येईल.

२००८ साली मार्ग सबंध एकेरी होता, त्यामुळे खरी मजा क्रॉसिंगची, म्हणजे एक गाडी थांबवून दुसरीला वाट देण्याची. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर लूपवर घ्या. सिग्नल लाल ठेवा आणि तिला थांबू द्या, घाई करू नका. फलाटावर दोन माणसं उतरून उभी करा, एक कठड्याला टेकलेला. मग बोगद्यातून उत्तर रेल्वेची राजधानी येऊ द्या, न थांबता, मधल्या रुळावरून. तिचा शेवटचा डबा फलाट ओलांडून गेला की दहापर्यंत मोजा आणि मगच पॅसेंजरचा सिगनल हिरवा करा.